मागता न येणारी गरज

आमच्या शाळेत मुलींच्या खोलीत पत्र्याचे एक लहान कपाट आहे. त्याला कुलूप नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही चार शिक्षिकांनी दरमहा थोडे थोडे पैसे काढून त्यात सॅनिटरी पॅडची पाकिटे ठेवायला सुरुवात केली. नियम साधा होता. जिला लागेल तिने घ्यावे, कुणाला सांगू नये, कुठे सही करू नये. पहिले काही महिने ठीक गेले. किती लागतात याचा अंदाजही आला. मग एका महिन्यात दहाव्याच दिवशी कपाट रिकामे झाले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा एक सहकारी म्हणाल्या, "आपा, फुकट ठेवले की असेच होते. रजिस्टर ठेवा. नाव, वर्ग, सही. चोरी आपोआप थांबेल."

चोरी हा शब्द मला बोचला. पण त्याला लगेच उत्तरही सुचले नाही. रजिस्टर आणायचे ठरले.

मी बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. वर्गात उर्दू, घरात वऱ्हाडी वळणाची दखनी आणि बाजारात, बसमध्ये, कचेरीत मराठी, अशा तीन भाषांत आमचा दिवस जातो. या तिन्ही भाषांमध्ये पाळीला सरळ शब्द नाही, असे निदान आमच्या घरांमध्ये आम्ही वागतो. मुली म्हणतात, "आपा, आज नमाज माफ है." रमजानमध्ये म्हणतात, "रोजे की छुट्टी है." ऐकणारी समजते आणि विषय तिथेच संपतो.

रजिस्टरची बातमी मुलींपर्यंत पोहोचली तेव्हा आठवीतली एक मुलगी शाळा सुटल्यावर थांबली. नाव लिहीत नाही. अभ्यासात बरी, महिन्यातून चार-पाच दिवस न चुकता गैरहजर. खाली बघत ती म्हणाली, "आपा, वो मैंच लेके जाती. मेरे वास्ते नही. दादा के वास्ते."

मला आधी समजलेच नाही. मग तिने सांगितले. आजोबांना लकवा झाला आहे. ती चार-चार पॅड एकमेकांना शिवते आणि रात्री त्यांच्या अंगाखाली घालते. सकाळी आईला गोधडी धुवावी लागत नाही.

मी तिच्या घरी गेले. दोन खोल्यांचे घर, बाहेरच्या खोलीत बाजेवर आजोबा. हे कुटुंब पिंजाऱ्यांचे. आजोबांनी आयुष्यभर कापूस पिंजला. खांद्यावर पिंजण घेऊन ते गावोगाव फिरत, लग्नसराईच्या आधी लोक त्यांची वाट पाहत. आसपासच्या कितीतरी घरांच्या गाद्या आणि लेप त्यांच्या हातचे आहेत. आता अर्धे अंग लुळे आहे, लघवीवर ताबा नाही. मी आत शिरताच त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली आणि तोंड भिंतीकडे फिरवले. मुलीच्या शिक्षिकेने आपल्याला या अवस्थेत बघू नये, एवढे बोलायला त्यांच्याजवळ शब्द शिल्लक नव्हते, पण ते मला समजले.

आतल्या खोलीत मुलीची आई मला एक पेटी दाखवत होती. पेटीत जुन्या कपड्यांचे गाठोडे. त्या घरातला खरा प्रश्न त्या गाठोड्यात होता. सर्वात धाकटे बाळ आठ महिन्यांचे, त्याला बाळोती लागतात. आजोबांना दिवसातून चार-पाच वेळा फडके बदलावे लागते. शिवाय घरात पाळी येणाऱ्या दोघी, आई आणि मुलगी. गाठोडे मात्र एकच. वाटणी आई करते. तिने मला सांगितलेला क्रम असा : आधी बाळ, कारण ते रडते. मग आजोबा, कारण वास येतो आणि पाहुणा आला तर अब्रू जाते. मग मुलगी. शेवटी ती स्वतः. मुलीच्या वाट्याला पुरेसे उरले नाही की मुलगी शाळेत येत नाही.

ही वाटणी क्रूर आहे असे मला वाटत नाही. त्या जागी मी असते तर कदाचित हाच क्रम लावला असता. पण त्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याची गरज ऐकू येते किंवा दिसते त्याला आधी मिळते. जिची गरज दिसत नाही आणि जिला ती बोलता येत नाही, ती शेवटी. जे त्या पेटीपाशी घडते तेच आपल्या मोहल्ल्यात घडते आणि तेच सरकारातही घडते, असे मला हळूहळू वाटू लागले. हा लेख त्याविषयी आहे.

आधी एका आक्षेपाला उत्तर देते, कारण तो मला माझ्या घरातच ऐकावा लागला. आमच्या आया-आज्यांनी कपडाच वापरला, त्यांचे काय अडले? प्रश्न रास्त आहे. कपडा वाईट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयाच्या सुमारे निम्म्या मुलींनी आपण कपडा वापरतो असे सांगितले होते. कपडा स्वच्छ धुतला, कडक उन्हात वाळवला तर चालतो. पण आज्यांजवळ सुती लुगडी होती, धोतरे होती. ती विरली की मऊ होत आणि पाणी शोषत. आज त्या पेटीतल्या दहा कपड्यांपैकी सात पॉलिस्टरचे आहेत. ते शोषत नाहीत, नुसते ओले होतात. दुसरे, आमचा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा. बोअरचे पाणी मचूळ, साबणाला फेस येत नाही, डाग निघत नाही. गोड पाणी पिण्यापुरते येते, तेही रोज नाही. आणि उन्हात वाळवायचे कुठे? दोरीवर आधी कपडा टाकायचा आणि वरून ओढणी झाकायची, म्हणजे तो दमटच राहतो.

आणि हे सगळे कुठे, तर कापसाच्या मुलुखात! इथला कापूस वाहून नेता यावा म्हणून इंग्रजांनी १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा खास फाटा टाकला. दीडशे वर्षे इथून कापूस जातो आहे. मुलीची आई आजही दिवाळीनंतर कापूस वेचायला जाते. तिच्या घरात मात्र सुती चिंधी मोजून वापरावी लागते. बाजारातून पाकीट आणावे तर त्यात बहुतेक लाकडाचा लगदा, पाणी शोषणारी रासायनिक पूड आणि प्लास्टिक.

आता हिशोब पाहू. मोठ्या माणसाचा डायपर आमच्या मेडिकलमध्ये साधारण ३५ रुपयांना एक पडतो. दिवसाला दोन धरले तरी महिन्याला २१०० रुपये. आजोबांना श्रावणबाळ योजनेचे अनुदान मिळते. ते २०२३ मध्ये महिना १००० रुपयांवरून १५०० रुपये झाले. म्हणजे सगळे अनुदान डायपरवर घातले तरी ६०० रुपये कमी पडतात, आणि औषध अजून यायचेच आहे. मुलीसाठी आणि आईसाठी महिन्याला चार-पाच पाकिटे धरली तर शे-दीडशे रुपये. शे-दीडशे म्हणजे काय मोठे, असे पगारदार माणसाला वाटेल. कापूस वेचणाऱ्या बाईला ती अर्ध्या दिवसाची मजुरी आहे.

सरकारने काही केलेच नाही असे म्हणणे खरे होणार नाही. २०११ मध्ये केंद्राने आशाताईंमार्फत ग्रामीण मुलींना सहा पॅडचे पाकीट सहा रुपयांना देण्याची योजना सुरू केली. महाराष्ट्रात ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजना आली. जिल्हा परिषद शाळांमधल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत, आणि ते महिला बचत गटांकडून. कल्पना चांगली होती. विकणारी बाई, घेणारी मुलगी, मध्ये पुरुष दुकानदार नाही. पण ती सवलत जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी होती, आणि आमच्या भागातल्या पुष्कळ मुली सातवी-आठवीनंतर संस्थांच्या उर्दू हायस्कुलात जातात. म्हणजे ज्या वयात गरज वाढते त्याच वयात मुलगी यादीतून बाहेर. २०१९ पासून जनऔषधी केंद्रात एक पॅड एका रुपयाला मिळू लागले. हे केंद्र आमच्या गावात नाही. एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट असले, तरी दहा रुपयांच्या पाकिटासाठी अर्धा दिवस आणि जाण्यायेण्याचे भाडे कोण घालवणार?

या योजनांचा दोष काढण्यासाठी हे लिहीत नाही. त्या सगळ्यांनी किंमत कमी केली, ही मोठी गोष्ट आहे. पण एक पायरी त्या सर्वांनी मुलीवरच सोडली. तिने जाऊन मागायचे. नेमके तेच तिला येत नाही.

भाकरीची गोष्ट वेगळी आहे. भूक लागली असे म्हणायला गरीब माणसाला संकोच वाटतो, पण ते म्हणता येते. म्हणून रेशन आहे, लंगर आहे, आमच्याकडे रमजानची किट आहे. कमरेखालच्या गरजेला मात्र तोंड नाही. तेरा वर्षांच्या मुलीला ती सांगता येत नाही. पंचाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला तर त्याहून येत नाही. मुलगी निदान मैत्रिणीला सांगेल. आयुष्यभर कष्ट करून खाल्लेला माणूस अंथरूण ओले झाले हे कुणाला सांगणार? तो भिंतीकडे तोंड फिरवतो.

कराच्या बाबतीतही हेच दिसते. १ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. आला तेव्हा सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर होता आणि डायपरवरही १२ टक्के. पॅडवरच्या कराविरुद्ध बायका बोलल्या, सह्या गोळा केल्या, कोर्टात गेल्या. वर्षभरात, जुलै २०१८ मध्ये तो कर रद्द झाला. बाळांच्या आणि रुग्णांच्या डायपरवरचा कर मात्र सप्टेंबर २०२५ पर्यंत तसाच राहिला, मग तो ५ टक्क्यांवर आला. एकासाठी एक वर्ष लागले, दुसऱ्यासाठी आठ, आणि तरी पूर्ण गेला नाही. कारण उघड आहे. बाजेवर पडलेला माणूस मोर्चा काढू शकत नाही, आणि त्याचे फडके धुणाऱ्या सुनेला मोर्च्याला जायला वेळ नाही.

मग मागता न येणाऱ्या गरजेचे आपण काय देणे लागतो? मी आलिम नाही. पण कुरआनात श्रीमंतांच्या मालमत्तेत ज्यांचा हक्क सांगितला आहे ते दोन आहेत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. एक साइल, म्हणजे मागणारा. दुसरा महरूम, म्हणजे वंचित. हे दोन शब्द वेगळे का, असा प्रश्न मला त्या घरातून परतताना पहिल्यांदा पडला. एका मौलवी साहेबांना विचारले. ते म्हणाले, मुफस्सिरांपैकी पुष्कळांनी महरूमचा अर्थ असा घेतला आहे की जो लाजेमुळे मागत नाही आणि म्हणून लोक ज्याला गरजू समजतच नाहीत. सूरह बकरामध्येही अशा लोकांचा उल्लेख आहे, ज्यांना त्यांच्या संयमामुळे अजाण माणूस खाऊनपिऊन सुखी समजतो. आणि शब्द हक्क असा आहे. उपकार असा नाही.

हक्क म्हटले की बरेच काही बदलते. उपकारात देणारा वाट पाहू शकतो. कुणी येऊन मागेल, मग बघू. हक्क असेल तर वाट पाहण्याची मुभा राहत नाही. ज्याचे आहे त्याला ते नेऊन पोहोचवावे लागते, आणि तो तोंड उघडत नाही हे देणाऱ्याला निमित्त होऊ शकत नाही. जगात काही ठिकाणी कायदाही या दिशेने गेला आहे. स्कॉटलंडमध्ये १५ ऑगस्ट २०२२ पासून ज्या कुणाला पाळीची साधने लागतील तिला ती मोफत उपलब्ध करून देणे ही स्थानिक संस्थांची कायदेशीर जबाबदारी झाली. गरीब आहेस का, असे विचारण्याची सोय त्यात ठेवलेली नाही. आपल्याकडे १० एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहावी ते बारावीच्या मुलींसाठी देशभर एकसारखे धोरण करायला केंद्राला सांगितले. बिछान्यावरच्या म्हाताऱ्यांसाठी असे कुणी काही सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

इथे एक कठीण प्रश्न उभा राहतो, तो टाळू नये. वस्तू कशाला द्यायची? पैसे द्या. गरीब बाईने पैसा कशावर खर्च करावा हे सांगणारी मी कोण? हा विचार मला पटतो. २०२४ मध्ये राज्यात लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि महिना १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात येऊ लागले. त्या मुलीच्या आईच्या खात्यातही आले. मी तिला विचारले, त्यातून पाकीट आणत नाहीस? ती हसली. म्हणाली, "आपा, मी ते पैसे हातात घेते तेव्हा मला आधी लाइटबिल दिसते, मग बाळाचे औषध. पाकीट आठवते ते पैसे संपल्यावर." पैसा घरात आला की तो सगळ्यांचा होतो, आणि पुन्हा त्या पेटीचाच क्रम लागू होतो. पाकिटाचे तसे नाही. ते विकून लाइटबिल भरता येत नाही. म्हणून माझे मत असे झाले आहे की पैसा द्यावाच, पण ज्या गरजा घरातल्या घरातही शेवटी ढकलल्या जातात, त्यांच्यासाठी वस्तूही द्यावी. यात गरिबाच्या अकलेवर अविश्वास नाही. तिच्या त्यागाला थोडी मर्यादा घालणे आहे.

राहिला प्रश्न हयेचा. आमच्यातल्या काही भल्या माणसांना वाटते की या गोष्टी उघड बोलल्याने हया जाते. मला उलट वाटते. अन्सारच्या स्त्रियांची तारीफ हजरत आयेशा (रजि.) यांनी केली ती यासाठीच की दीन समजून घेताना हया त्यांच्या आड आली नाही. त्या हैजविषयी सरळ विचारत. हया हा गुण आहे, पण तो जपण्याचा भार आपण कुणावर टाकतो? मुलीने मागितले तर ती बेशरम, न मागितले तर तिला गरज नाही. तिची हया जपायची असेल तर तिला मागायला लागू नये अशी व्यवस्था आपण केली पाहिजे. रजिस्टर ठेवणे म्हणजे तिच्या हयेवर सही घेणे होय.

गेल्या रमजानच्या आधी मी हे सगळे आमच्या मोहल्ल्याच्या कमिटीपुढे मांडायला सांगितले. बायकांना तिथे बसता येत नाही, म्हणून माझ्या भावाने मांडले. किटमध्ये पीठ, तेल, साखर, खजूर, शेवया असतात. त्यात बायका-मुलींसाठी एक पाकीट आणि ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे त्यांच्यासाठी डायपर, एवढेच मागणे होते. मौलवी साहेबांनी सांगितले की जकातीतून वस्तू दिली तरी चालते, गरजूला तिचा मालक करून दिले म्हणजे झाले. शाळेतल्या उघड्या कपाटाचे वेगळे आहे. तिथून कोणतीही मुलगी घेईल, म्हणून त्याला लिल्लाहचे पैसे वापरा. कमिटीतले एक वयस्क हाजी साहेब डायपरच्या बाजूने लगेच बोलले. त्यांची आई तीन वर्षे बिछान्यावर होती, असे त्यांनी भर बैठकीत पहिल्यांदाच सांगितले म्हणे. डायपरचा ठराव झाला. आमच्या मोहल्ल्यात अशी पाच घरे निघाली. इतकी वर्षे शेजारी राहून आम्हाला दोनच माहीत होती.

पाकिटाचा ठराव मात्र झाला नाही. "वो औरतों का मसला है, औरतें देख लें," असे ठरले. म्हणजे किटमध्ये ते पाकीट अजून आलेले नाही. या वर्षी पुन्हा मांडणार आहे.

आता त्या मुलीचे. ती चोरी होती का? तिने स्वतःसाठी ठेवलेल्या वस्तूंपैकी काही न वापरता आजोबांना दिल्या. घरी गेल्यावर मला हेही कळले की स्वतःसाठी ती अजून कपडाच घेत होती. कपाटातले सगळे आजोबांच्या अंगाखाली जात होते. दुसऱ्या मुलींना त्यामुळे कमी पडले, हे खरे. ते तिलाही माहीत होते, म्हणून तर ती येऊन बोलली. मी तिला रागावले नाही आणि शाबासकीही दिली नाही. एवढेच सांगितले, "यापुढे दादांचे वेगळे येईल. तुझे तू घे."

"दोन्ही लूं?" तिने विचारले. तिला ते खरेच वाटत नव्हते.

रजिस्टर आणले होते. ते मी ग्रंथालयाच्या पुस्तकांसाठी वापरायला दिले. कपाट तसेच आहे, कुलपाशिवाय. मागच्या महिन्यात एकवीस तारखेपर्यंत पुरले.